मात्रा : कॉलेज गोल्फचे कोच हार्वी पेनिक यांचं प्रकरण

१९९५ चा मार्च संपत आला होता. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या आपल्या घरी नव्वदीचे हार्वी पेनिक अंथरुणाला खिळले होते. बेन क्रेनशॉ त्यांना भेटायला आला. तो तेव्हा ४३ वर्षांचा होता. गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक असलेली मास्टर्स त्यानं १९८४ साली जिंकली होती आणि त्याच्या पिढीतला सर्वांत सुरेख पट मारणारा खेळाडू म्हणून त्याचं नाव होतं. ग्रीनवरच्या कापलेल्या गवतावरून चेंडू होलकडे घरंगळत नेणारा हलका फटका म्हणजे पट, आणि त्यासाठीची काठी म्हणजे पटर. पण त्या मोसमात क्रेनशॉची लय हरवली होती. स्पर्धेच्या निम्म्यावरच बाहेर पडायची वेळ येत होती आणि मास्टर्स दोन आठवड्यांवर आली होती.

पेनिक यांनी त्याला एक जुना पटर आणायला लावला आणि पलंगाशेजारीच पट मारून दाखवायला सांगितलं. पडल्या पडल्या पाहिलं. मग त्यांनी सांगितलेलं इतकंच: आधी सरावाचे दोन नीट स्ट्रोक घे, मग स्वतःवर भरवसा ठेव, आणि काठीचं डोकं हातांना ओलांडून पुढे जाणार नाही एवढं पाहा.

गोल्फ न खेळणाऱ्याला यातलं शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल. मनात धास्ती असली की पट मारताना हात ऐन वेळी थबकतात, मनगट मोडतं आणि काठीचं डोकं हातांच्या पुढे पळतं. काठीचा चपटा चेहरा किंचित वर वळतो, चेंडू सुरुवातीलाच थोडा उडतो आणि धरलेली रेषा सोडतो. हात पुढे राहिले की चेंडू जमिनीला धरून घरंगळतो. क्रेनशॉला हे लहानपणापासून ठाऊक होतं, कारण हेच पेनिक त्याचे पहिले शिक्षक होते. नवं ज्ञान त्यात काहीच नव्हतं.

२ एप्रिलला पेनिक गेले.

सत्तरहून अधिक वर्षं शिकवलेल्या, त्यातले ३३ मोसम विद्यापीठाच्या संघाचे कोच राहिलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं किती असेल! तरी समोर घसरणीला लागलेला लाडका विद्यार्थी उभा असताना ते दोन-तीन वाक्यांवर थांबले. ते कसे थांबू शकले, हाच या अभ्यासाचा विषय आहे. माझ्या मते पेनिक यांची सगळी कारकीर्द त्या थांबण्यात दिसते.

कॅडी, प्रो, कोच

पेनिक यांचा जन्म ऑस्टिनचाच, २३ ऑक्टोबर १९०४ चा. आठव्या वर्षी ते ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये कॅडी म्हणून लागले, म्हणजे सभासदांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायची आणि खेळ पाहायचा. १९२३ साली, अठराव्या वर्षी, त्याच क्लबचे ते मुख्य प्रो झाले. प्रो म्हणजे दुकान सांभाळणारा, काठ्या दुरुस्त करणारा आणि सभासदांना शिकवणारा माणूस. ते पद त्यांनी १९७१ पर्यंत सांभाळलं आणि पुढे त्यांचा मुलगा टिन्स्ली तिथं आला. क्लबनं या काळात जागा बदलली, पण पेनिक यांनी क्लब बदलला नाही.

तरुणपणी त्यांना स्वतःला स्पर्धांमध्ये नाव काढायचं होतं आणि ते खेळतही चांगले. पण १९३० च्या दशकात ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत त्यांनी पुढे फार गाजलेल्या सॅम स्नीड या खेळाडूचा फटका ऐकला. हो, आधी ऐकला: काठी चेंडूवर बसल्याचा तो आवाज आपल्या फटक्यातून कधी येणार नाही, हे त्यांना तिथंच उमगलं. त्या दिवसापासून आपलं काम शिकवण्याचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. स्वतःची इयत्ता इतक्या स्वच्छपणे ओळखणं आणि तरीही त्या खेळावर तसूभरही कमी प्रेम न करणं मला फार मोठं वाटतं. कारण अनेक कोच आपलं राहून गेलेलं स्वप्न विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकतात. पेनिक यांच्याबद्दल त्यांच्या एकाही विद्यार्थ्याची तशी तक्रार माझ्या वाचनात नाही.

१९३१ साली टेक्सास विद्यापीठानं गोल्फ संघ त्यांच्या हाती दिला. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे मोठी व्यवस्था असते. विभागातल्या विद्यापीठांची मिळून एक कॉन्फरन्स असते, तिचं विजेतेपद असतं आणि त्यावर एनसीएए नावाच्या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा. टेक्सास तेव्हा साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये होतं. पेनिक यांनी १९३१ ते १९६३ अशा ३३ मोसमांत तिथली २१ विजेतेपदं मिळवली. हे सगळं क्लबमधली नोकरी न सोडता. सकाळी एखादी आजी पहिल्यांदा हातात काठी धरायला शिकायची, आणि त्याच माणसाकडे दुपारी विद्यापीठाची पोरं यायची.

या दुहेरी कामाचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला असावा. निव्वळ अव्वल खेळाडूंना शिकवणाऱ्याला शिकवणं म्हणजे बारीक दुरुस्ती वाटू लागते. पेनिक रोज शून्यापासून सुरुवात करणारी माणसं पाहत होते. कधीच चेंडू न उचलला गेलेल्या एखाद्या नवख्या माणसाचा पहिला फटका हवेत गेला की आपल्या अंगावर काटा येतो, असं ते म्हणत. आणि म्हातारपणीही येत असे.

कॉलेज संघाच्या कोचची एक अडचण गोल्फमध्ये वेगळीच असते. क्रिकेटमध्ये ड्रिंक्सच्या वेळी निरोप पाठवता येतो, कबड्डीत टाइम आउट घेता येतो. गोल्फचा खेळाडू चार-पाच तास आपल्या विचारांबरोबर एकटा चालत असतो. फटका मारायला दोन सेकंद पुरतात, बाकीचा सगळा वेळ मनात काहीबाही यायला मोकळा. म्हणजे कोचनं आदल्या दिवशी जे सांगितलं तेच त्याच्याबरोबर मैदानात जाणार. दहा गोष्टी सांगितल्या तर दहाही जाणार, आणि ऐन फटक्याच्या वेळी दहाही एकदम बोलायला लागणार.

वेढे मोजून

आपल्याकडे बाळगुटी उगाळताना घरातल्या बायका वेढे मोजतात. सहाणेवर हळकुंडाचे इतके, वेखंडाचे इतके, जायफळाचा एखादाच. औषध चांगलं आहे म्हणून कुणी दहा वेढे जास्त देत नाही. बाळ केवढं, आज पोट कसं आहे, त्यावर मात्रा ठरते. पेनिक यांच्या शिकवण्याचं वर्णन करायला मला याहून जवळचं काही सापडत नाही.

त्यांनी स्वतः उपमा दिली होती ती ॲस्पिरिनची. मी एक गोळी घ्यायला सांगितली तर कृपा करून अख्खी बाटली घेऊ नका, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. गोल्फच्या स्विंगमध्ये, म्हणजे काठी मागे नेऊन चेंडूवर आणायच्या हालचालीत, सुधारणा बहुधा रुंदीनं दोऱ्याएवढी असते. पकड डावीकडे जरा वळव म्हटलं की उत्साही विद्यार्थी ती इतकी वळवतो की नवाच आजार सुरू होतो. म्हणून काय सांगायचं याच्या इतकाच किती सांगायचं याचा विचार ते करत. एखाद्याला एखादी गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी हे सुचेना म्हणून रात्र रात्र झोप लागली नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

शब्द निवडण्याच्या त्यांच्या दोन सवयी विशेष पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, शक्यतो नकाराची भाषा टाळायची. ‘पाण्यात मारू नकोस’ म्हटलं की मनात पाणीच उभं राहतं. त्याऐवजी चेंडू कुठं जायला हवा ते दाखवायचं. त्यांचा सर्वांत गाजलेला मंत्र ‘टेक डेड एम’ हाच आहे. त्याचा अर्थ असा की चेंडूपाशी उभं राहिल्यावर दुसरं सगळं सोडून फक्त नेम धरायचा. स्विंग कसा होतोय, लोक काय म्हणतील, मागच्या होलला काय झालं, यातलं काही नको. जायचं ते ठिकाण डोळ्यांत पक्कं करायचं.

दुसरी सवय म्हणजे अवयवांची नावं न घेता चित्रं द्यायची. खांदा इतक्या अंशांत फिरव, कोपर इथं ठेव असं सांगण्याऐवजी ते म्हणत, दोन्ही हातांनी पाण्यानं भरलेली बादली धरली आहेस असं समज, ती मागे ने आणि पुढे झुलव. किंवा गवत छाटायचं लांब दांड्याचं हत्यार हातात देत आणि सावकाश चालवायला लावत. ते जड असल्यामुळे माणूस घाई करूच शकत नाही आणि कमरेपासून आपोआप नीट वळतो. चेंडू ज्या लाकडी खुंटीवर ठेवतात ती टी जमिनीत रोवायची आणि चेंडू न ठेवता फक्त टी उडवायला सांगायचं. टी उडाली म्हणजे काठीचा चेहरा चेंडूपाशी सरळ आला, हे पोराला न सांगता समजतं.

पुढे खेळाच्या मानसशास्त्रात, विशेषतः गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनात, हेच प्रयोगांतून दिसलं. आपल्या हातापायांच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्यापेक्षा त्या हालचालीचा बाहेर होणारा परिणाम डोळ्यांपुढे ठेवणारा शिकाऊ खेळाडू जास्त चांगलं शिकतो आणि दडपणाखाली कमी कोलमडतो. पेनिक यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. त्यांनी माणसं पाहिली होती, आणि काय लागू पडलं ते टिपून ठेवलं होतं.

ती टिपणं १९२० च्या दशकापासून एका लाल वहीत होती. वही ते कुलपात ठेवत. ती वाचायची मुभा फक्त टिन्स्लीला होती. पुढे या वहीचं काय झालं ते येईलच.

शिकवण्याचा क्रमही त्यांचा उलटा होता. नव्या माणसाला लांब फटके मारायची घाई असते. पेनिक होलपासून सुरुवात करायचे: आधी पट, मग ग्रीनच्या काठावरून छोटा चिप, मग जरा लांबून, असं मागे मागे. वेळ थोडा असेल तर तो या जवळच्या फटक्यांवरच घालवा, म्हणायचे, कारण फटके तिथंच वाचतात. व्यावसायिक टूरवर निघालेल्या टॉम काइटला त्यांनी दिलेला सल्ला तर तंत्राचा नव्हताच: जेवायला चांगले पट मारणाऱ्यांबरोबर जात जा. त्यांच्या मते वाईट पट मारणाऱ्यांच्या पंगतीत नशिबाचीच गाऱ्हाणी ऐकायला मिळतात.

आणि खेळ बिघडला तर? एक दिवस वाईट गेला तर विसरून जा. दुसऱ्या दिवशीही वाईट गेला तर पकड, उभं राहणं, नेम आणि चेंडूची जागा, या चार मूळ गोष्टी तपासा. बहुतेक चुका काठी हलायच्या आधीच झालेल्या असतात. तिसऱ्यांदाही तेच झालं तर मग आपल्या शिक्षकाकडे जा. हा क्रम मी मुद्दाम देतो आहे. जो कोच विद्यार्थ्याला तिसऱ्या दिवसापर्यंत आपल्याकडे येऊ नको म्हणतो, तो त्याला आपल्यावाचून उभं राहायला शिकवत असतो.

एकाच अंगणातली दोन मुलं

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती काइट आणि क्रेनशॉ यांच्या बाबतीत. काइटचा जन्म डिसेंबर १९४९ चा, क्रेनशॉचा जानेवारी १९५२ चा. दोघेही शाळकरी वयात त्याच क्लबमध्ये, त्याच शिक्षकांकडे.

क्रेनशॉच्या पहिल्या धड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पेनिक यांनी एक काठी त्याच्या उंचीला कापून दिली, हातांची पकड बसवून दिली आणि जवळच्या ग्रीनकडे बोट दाखवून तिथं मार म्हटलं. पोरानं चेंडू थेट ग्रीनवर नेला. आता जाऊन होलमध्ये घाल, असं पेनिक म्हणाले. त्यावर पोराचं उत्तर: होलमध्येच घालायचा होता तर तुम्ही आधीच का नाही सांगितलं?

असा विद्यार्थी मिळाल्यावर शिक्षकाचे हात शिवशिवतात. पेनिक यांनी इथं उलट केलं. याच्याकडे जे आहे ते उपजत आहे, आपण सांगायला गेलो तर बिघडेल, हे ओळखून त्यांनी त्याला फार न शिकवण्याची काळजी घेतली. जा, खेळ, मैदानावर फटके शोध. काइटची गोष्ट निराळी. तो कष्टाळू, चिकट, अंधार पडेपर्यंत चेंडू मारत राहणारा. त्याला कारण हवं असे, क्रम हवा असे, आणि पेनिक त्याला ते देत.

पेनिक यांचा एक नियम मात्र दोघांना सारखा होता: एकाचा धडा चालू असताना दुसऱ्यानं पाहायचं नाही. कारण सरळ आहे. काइटला सांगितलेलं क्रेनशॉनं ऐकलं तर तो ते करून पाहणार, आणि ते त्याचं औषध नव्हे. आपल्याकडच्या क्लासांत पन्नास मुलांना एकच नोट्स देणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा, असं मला कळकळीनं वाटतं. पेनिक यांच्याकडे विद्यार्थी कमी नव्हते. तरी त्यांनी माणशी वेगळी मात्रा द्यायचा हट्ट सोडला नाही.

दोघे पुढे टेक्सास विद्यापीठाकडूनच खेळले. तोवर पेनिक कोचपदावरून उतरले होते आणि संघ जॉर्ज हॅनन यांच्याकडे होता. १९७१ आणि १९७२ साली टेक्सासनं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद जिंकलं. वैयक्तिक विजेतेपद क्रेनशॉनं १९७१, १९७२ आणि १९७३ असं तीनदा मिळवलं, त्यातलं १९७२ चं काइटबरोबर विभागून. १९९२ साली पेबल बीचच्या वादळी वाऱ्यात काइट यूएस ओपन जिंकला. दोन स्वभाव, दोन स्विंग, शिक्षक एक.

धड्याची फी

बेट्सी रॉल्स टेक्सास विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होती. गोल्फ तिनं सतराव्या वर्षी सुरू केलं होतं, म्हणजे या खेळाच्या मानानं उशिरा. मुलींसाठी तेव्हा विद्यापीठाचा अधिकृत संघ नव्हता, म्हणून ती क्लबवर पेनिक यांच्याकडे आली. पहिल्या धड्याची फी त्यांनी घेतली. दुसऱ्यांदा आली तेव्हा पैसे परत पर्समध्ये ठेवायला सांगितले: मागच्या वेळी सांगितलं तेच तर पुन्हा सांगतोय. त्यानंतर त्यांनी तिच्याकडून फी घेतली नाही. रॉल्स पुढे चार वेळा यूएस विमेन्स ओपन जिंकली, १९५१, १९५३, १९५७ आणि १९६० साली, आणि एलपीजीए टूरवर, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, तिच्या नावावर ५५ विजय आहेत.

न्यू मेक्सिकोतल्या जॅल या छोट्या गावातून कॅथी व्हिटवर्थ आईबरोबर शेकडो मैल गाडीनं यायची. तिच्या स्वतःच्या कोचनंच, आपल्याला येत होतं ते देऊन झालं असं समजून, तिला पेनिक यांच्याकडे पाठवलं होतं. पेनिक यांनी तिची पकड बदलायला घेतली आणि घरी परतल्यावर तिच्याकडून ते करून घेता यावं म्हणून त्या कोचशी बोलणं ठेवलं. व्हिटवर्थनं पुढे एलपीजीएचे ८८ विजय मिळवले. स्त्री असो की पुरुष, अमेरिकी व्यावसायिक टूरवर इतके विजय आजवर दुसऱ्या कुणाचे नाहीत. विद्यार्थिनी दुसऱ्याची, पाहुणी म्हणून आलेली. तरी पेनिक यांनी तिला तोडून घेतलं नाही, तिच्या शिक्षकाचा मान राखला.

जे जमलं नाही

प्रकरण अभ्यासात आरती करून चालत नाही. ३३ मोसमांत पेनिक यांच्या संघाला एकदाही राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळालं नाही. वैयक्तिक विजेतेपद एड व्हाइटनं १९३५ साली आणलं. मॉरिस विल्यम्स ज्युनिअर हा त्यांचा अत्यंत लाडका खेळाडू, पुढे फार मोठा होईल असं सगळ्यांना वाटत होतं. हवाई दलात असताना १९५३ साली विमान अपघातात तो गेला. ऑस्टिनमधलं एक सार्वजनिक गोल्फ मैदान आज त्या घराण्याचं नाव चालवतं.

शेजारीच ह्यूस्टन विद्यापीठात त्याच काळात डेव्ह विल्यम्स कोच होते. ते इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, गोल्फ स्वतः फारसं न खेळलेले. पण संघ उभा करणं, राज्याबाहेरून गुणी मुलं हेरून आणणं आणि संघातल्या जागेसाठी त्यांच्यात सतत चुरस ठेवणं, यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ह्यूस्टननं १९५६ ते १९८५ दरम्यान १६ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. आधुनिक कॉलेज गोल्फचा साचा त्यांनी घडवला, हे मान्यच करायला हवं. संघ जिंकवणं हीच कोचची व्याख्या धरली तर विल्यम्स पेनिक यांच्या कितीतरी पुढे आहेत.

मला ही तुलना पेनिक यांना कमी लेखणारी वाटत नाही. ती दोन निरनिराळ्या कामांतला फरक दाखवते. विल्यम्स चुरशीतून निवडत होते. पेनिक समोर येईल त्याला शिकवत होते. पहिल्या कामाचा हिशोब दरवर्षी मोसमाच्या शेवटी लागतो. दुसऱ्याचा हिशोब लागायला चाळीस वर्षं लागू शकतात.

आणखी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. समोर येईल तो, असं मी म्हणालो. पण समोर येण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदाचा तो काळ. टेक्सास विद्यापीठाच्या पदवी वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९५६ साली प्रवेश मिळाला, म्हणजे पेनिक यांच्या कोचपदाची पंचवीस वर्षं उलटल्यावर. ऑस्टिनच्याच लायन्स म्युनिसिपल मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंना १९५० च्या अखेरीस खेळू दिलं गेलं, आणि दक्षिणेतल्या सार्वजनिक मैदानांमध्ये ते पहिल्या काहींपैकी मानलं जातं. इतका हळवा, माणूस पारखणारा शिक्षक ज्या अंगणात बसला होता, त्या अंगणाला कुंपण होतं. त्या कुंपणाबाहेर किती क्रेनशॉ राहून गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

लाल वही

१९९१ साली, पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्यानं वाकलेले पेनिक क्लबमध्ये झाडाखाली गोल्फ कार्टमध्ये बसत. तिथं त्यांनी लेखक बड श्रेक यांना ती लाल वही दाखवली आणि हिचं काही करता येईल का, असं विचारलं. श्रेक यांनी प्रकाशक गाठला. सायमन अँड शुस्टरनं ९० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि श्रेक यांनी ती बातमी पेनिक यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी पेनिक चिंतेत. औषधपाण्याचा खर्च इतका झालाय, एवढे पैसे मी कुठून उभे करणार? ९० हजार आपण प्रकाशकाला द्यायचे, असं त्यांना वाटलं होतं.

१९९२ साली पुस्तक निघालं आणि दहा लाखांच्या वर खपलं. खेळावरच्या पुस्तकांत इतका खप फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. पानं छोटी, परिच्छेद छोटे. मात्रा तिथंही तीच.

एप्रिल १९९५

२ एप्रिलच्या रविवारी रात्री क्रेनशॉला काइटचा फोन आला: हार्वी गेले. मास्टर्स गुरुवारी सुरू होणार होती. बुधवारी दोघं मास्टर्स जिथं होते त्या ऑगस्टाहून विमानानं ऑस्टिनला गेले, शवपेटीला खांदा दिला आणि संध्याकाळी परत आले.

तयारी म्हणावी अशी क्रेनशॉची झालीच नव्हती. त्या आठवड्यात त्याचे जुने कॅडी कार्ल जॅक्सन यांनी सरावात एक गोष्ट पाहून सांगितली: चेंडू पायांमध्ये किंचित मागे ठेव आणि खांदे जरा घट्ट वळव. पुन्हा एक छोटीच मात्रा. ती लागली. क्रेनशॉनं पुढे सांगितलं की नियमानं पिशवीत चौदाच काठ्या ठेवता येतात, पण त्या आठवड्यात आपल्याकडे पंधरावी होती, ती म्हणजे हार्वी.

७०, ६७, ६९, ६८. हे चार दिवसांचे फटके, आणि गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. चार दिवसांत ७२ होल, ऑगस्टाच्या त्या काचेसारख्या घसरड्या ग्रीनवर, आणि एकाही होलला तीन पट नाहीत. सोळाव्या आणि सतराव्या होलला बर्डी, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. अठराव्याला एक फटका गमावला तरी जिंकता येईल एवढी आघाडी. तो गमावलाच, मग शेवटचा छोटा पट आत गेला आणि क्रेनशॉ जागच्या जागी दुमडला, टोपी हातात, डोकं खाली. जॅक्सन मागून आले आणि त्याच्या खांद्यांवर हात ठेवून तसेच वाकून उभे राहिले.

एकूण २७४. एका फटक्यानं मागे, २७५ वर दुसरा आला डेव्हिस लव्ह तिसरा (‘तिसरा’ हा त्याच्या नावाचाच भाग). पेनिक गेले त्याच रविवारी न्यू ऑर्लिन्सची स्पर्धा जिंकल्यामुळे त्याला मास्टर्समध्ये खेळायला मिळालं होतं. त्याला गोल्फ शिकवलं त्याच्या वडिलांनी, डेव्हिस लव्ह ज्युनिअर यांनी. ते स्वतः नावाजलेले शिक्षक होते आणि १९८८ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांना घडवलं होतं १९५० च्या दशकात, टेक्सास विद्यापीठाच्या संघात, हार्वी पेनिक यांनी.